फ्री डिशवरील कार्यक्रम रेकॉर्ड करणारा संगणक : पंचवीस हजारांत कोणते भाग घ्यावेत?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. आमच्या घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. वडील निवृत्त शिक्षक असून सह्याद्री वाहिनीवरील शास्त्रीय संगीताच्या मैफली, कीर्तने आणि शेतीविषयक कार्यक्रम ते आवर्जून पाहतात. मात्र यांतील बरेचसे कार्यक्रम नेमके ते शेतावर गेलेले असताना लागतात. सध्याच्या सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येते, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. एका वेळी एकच वाहिनी रेकॉर्ड होते, आणि लाइट जाऊन आली की बॉक्सचे घड्याळ शून्यावर येते व लावून ठेवलेली वेळ पुसली जाते. आमच्याकडे लाइट जाणे हा रोजचाच भाग असल्याने आठवड्याचे वेळापत्रक लावून निश्चिंत राहावे, अशी सोय त्यात नाही.

म्हणून केवळ रेकॉर्डिंगसाठी एक संगणक जुळवावा, तो टीव्हीला जोडावा आणि वडिलांनी रिमोटने हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा पाहावा, असा विचार आहे. डिश आणि टीव्ही वगळून एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आत राहिला पाहिजे. मी काढलेली यादी अशी आहे : रायझन ५ मालिकेतील ५६००जी प्रोसेसर, त्याला साजेसा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), जीटी १०३० ग्राफिक कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि एक साधा यूएसबी टीव्ही ट्यूनर. रेकॉर्डिंग साठवण्यासाठी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क माझ्याकडे पडून आहे.

एवढ्यातच रक्कम संपते आणि ट्यूनरसाठी जेमतेम दीड हजार उरतात. प्रोसेसर थोडा कमी ताकदीचा घेतला तर दोन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतील का? ग्राफिक कार्डाची खरोखर गरज आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारयंत्री (पुणे)

तुमच्या यादीतील निम्म्याहून अधिक पैसे अशा कामासाठी राखलेले आहेत, जे काम हे यंत्र करणारच नाही. आणि ज्या दोन भागांवर सारे अवलंबून आहे, त्या ट्यूनरला आणि डिस्कला उरलेसुरले मिळाले आहे. म्हणून आधी रेकॉर्डिंग म्हणजे काय होते ते पाहू, म्हणजे खरेदीचा क्रम आपोआप ठरेल.

फ्री डिशची वाहिनी आपल्या छतावर पोहोचते तेव्हा तिचे चित्र आणि आवाज आधीच एमपेग-२ किंवा एमपेग-४ स्वरूपात दाबून लहान केलेले असतात. हे काम दूरदर्शनच्या भूकेंद्रातील यंत्रे करतात. ट्यूनर तो अंकीय प्रवाह उतरवून घेतो, संगणक त्यातून आपल्याला हव्या त्या वाहिनीची पाकिटे वेगळी काढतो आणि जशीच्या तशी डिस्कवर लिहितो. यात चित्र उलगडणे नाही, पुन्हा दाबणे नाही. वीस वर्षांपूर्वी केबलचे ॲनालॉग चित्र संगणकात घेताना प्रोसेसरला प्रत्येक चित्रचौकट स्वतः दाबावी लागत असे, आणि रेकॉर्डिंगसाठी ताकदवान प्रोसेसर हवा हा सल्ला त्या काळातला आहे. तो अजूनही जागोजागी वाचायला मिळतो, पण उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांना तो लागू नाही.

आता आकडे पाहा. उपग्रहावरून अनेक वाहिन्यांचा गठ्ठा एकत्र पाठवणाऱ्या एका प्रक्षेपकाला ट्रान्सपाँडर म्हणतात. तुमच्या बॉक्सच्या मेनूत त्याची माहिती उघडली तर सिम्बॉल रेट २९५०० दिसेल, म्हणजे सेकंदाला २ कोटी ९५ लाख चिन्हे. एमपेग-२ वाहिन्यांच्या ट्रान्सपाँडरवर प्रत्येक चिन्हात दोन बिट असतात. त्यातील तीन-चतुर्थांश भाग उपयोगाचा व उरलेला चुका दुरुस्त करण्यासाठीचा, आणि शिवाय प्रत्येक २०४ बाइटमधील १८८ च कामाचे. हा सगळा हिशेब केल्यावर एका ट्रान्सपाँडरवरून सेकंदाला जवळपास ४०.८ मेगाबिट माहिती मिळते. एवढ्या जागेत डझनाहून अधिक वाहिन्या बसवलेल्या असतात, त्यामुळे एका वाहिनीच्या वाट्याला साधारण २ ते ३ मेगाबिट येतात. अडीच मेगाबिट धरले तर एका तासाच्या कार्यक्रमाला सुमारे १.१ जीबी जागा लागते. संपूर्ण ट्रान्सपाँडर, म्हणजे त्यावरच्या सर्व वाहिन्या एकाच वेळी लिहून घ्यायच्या म्हटले, तरी डिस्कवर सेकंदाला जेमतेम ५ एमबी लिहावे लागतात. दहा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते, आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर हे करताना जवळजवळ रिकामाच बसलेला असतो.

यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. एका वेळी किती वाहिन्या रेकॉर्ड होतील हे प्रोसेसर ठरवत नाही. त्या वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर आहेत की वेगवेगळ्या, आणि तुमच्याकडे ट्यूनर किती आहेत, यावर ते ठरते. एक ट्यूनर एका वेळी एका ट्रान्सपाँडरवर बसतो, पण त्यावरच्या हव्या तितक्या वाहिन्या घेऊ शकतो. दोन ट्यूनर असतील तर सामान्य घराची गरज पूर्णपणे भागते.

म्हणून नवा संगणक जुळवण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर जातीचे संगणक पुण्यात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही सहज मिळतात. इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला असा संगणक साधारण दहा हजारांच्या आसपास पडतो. हे संगणक स्वस्त होण्याचे एक कारण असे की विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्याला विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची असल्याने ती उणीव आपल्यापुरती लाभाचीच आहे. ग्राफिक कार्ड मुळीच नको. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एमपेग-२ आणि एच.२६४ (एमपेग-४ चाच प्रकार) उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा अंगचीच असते.

एक काळजी मात्र घ्या. हे संगणक तीन आकारांत येतात. तळहाताएवढ्या सर्वांत लहान आकारात कार्ड बसवायला जागा नसते आणि मोठी हार्ड डिस्कही मावत नाही. आपल्याला एसएफएफ नावाचा मधला आकार हवा. त्यात अर्ध्या उंचीचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसते आणि साडेतीन इंची डिस्कही बसते.

ट्यूनरविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी पैसे वाया जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. बाजारात ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणून हजार-दीड हजारांना जे मिळते ते बहुधा जुन्या ॲनालॉग केबलसाठीचे किंवा जमिनीवरील मनोऱ्यांच्या डीव्हीबी-टी प्रक्षेपणासाठीचे असते. फ्री डिशसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. तुम्हाला डीव्हीबी-एस२ असे स्पष्ट लिहिलेला उपग्रह ट्यूनर हवा. केवळ डीव्हीबी-एस असलेला जुना ट्यूनर एमपेग-२ वाहिन्या पकडेल, पण एमपेग-४ वाहिन्यांचे ट्रान्सपाँडर डीव्हीबी-एस२ पद्धतीचे असल्याने ते हातचे जातील. टीबीएस कंपनीचे ६९०२ हे दोन ट्यूनरचे कार्ड या कामाला चांगले आहे, मात्र त्याचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (गाभ्यात) नाहीत. ते वेगळे घालावे लागतात आणि कर्नल बदलला की पुन्हा तयार करावे लागतात. घरात दुसरे कोणी संगणकाचे जाणकार नसेल तर कर्नल आपोआप बदलणार नाही अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवा. डीव्हीबीस्काय एस९५२ हे दुहेरी कार्ड वापरलेले मिळाले तर त्याचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असतात. फक्त फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल जागेवर ठेवावी लागते. अशा दुहेरी कार्डाची किंमत जवळपास जुन्या संगणकाइतकी होऊ शकते, आणि ती द्यावी. या यंत्रात खऱ्या अर्थाने विशेष असा भाग तोच आहे.

यूएसबी ट्यूनर घ्यायचाच झाला तर लक्षात असू द्या की डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोर लहरी पकडणाऱ्या डबीला) वीज ट्यूनरच पुरवतो, त्यामुळे उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरला स्वतःचा वेगळा ॲडाप्टर लागतो. म्हणजे लाइट गेल्यावर सांभाळायची वस्तू आणखी एक वाढली.

सॉफ्टवेअर म्हणून टीव्हीहेडएंड रेकॉर्डिंगला आणि कोडी पाहण्याला, ही जोडी पुरेशी आहे. दोन्ही मोफत आहेत.

उंबरठा (नाशिक)

वरील प्रतिसाद बिनचूक आहे. मी केवळ डिस्कविषयी लिहितो.

लॅपटॉपमधून काढलेली जुनी डिस्क या कामाला लावू नका. ५०० जीबी जागा अपुरी आहे हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की तिचे किती आयुष्य उरले आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती, एकदा वाचून पाहा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर्स’ (खराब झालेल्या वा संशयित जागा) या ओळींसमोर शून्याखेरीज काहीही असेल तर त्या डिस्कवर वडिलांच्या आवडीच्या मैफली ठेवू नयेत.

नवी घेताना डिस्क किती जलद आहे याला महत्त्व नाही; ती किती तास चालण्यासाठी बनवली आहे ते पाहा. सीगेटच्या बाराकुडा या घरगुती मालिकेच्या माहितीपत्रकात वर्षाला २४०० तास चालणे गृहीत धरलेले असते. याचा अर्थ दिवसाला साडेसहा तास. तुमचे यंत्र चोवीस तास चालू राहणार. याउलट सीसीटीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक या डिस्क अहोरात्र चालण्यासाठी आणि वर्षाला १८० टीबी लिहिण्या-वाचण्यासाठी बनवलेल्या आहेत, कमी तापतात, आणि कॅमेरे बसवणाऱ्या प्रत्येक दुकानात, अगदी तालुक्याच्या गावीही, मिळतात. तीन वाहिन्या दिवसरात्र रेकॉर्ड केल्या तरी दिवसाला सुमारे ८१ जीबी आणि वर्षाला ३० टीबीच्या आतच लेखन होते, म्हणजे मर्यादेपासून आपण पुष्कळ लांब आहोत. २ टीबीच्या डिस्कवर वर दिलेल्या हिशेबाने सतराशे तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावते.

घरगुती मालिकांतील २ टीबीच्या अनेक डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यांचे लेखनपट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात आणि एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. शक्यतो सीएमआर पद्धतीची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्क घ्यावी.

लिनक्स आणि टीव्हीहेडएंडसाठी मात्र २५६ जीबीची लहान साटा एसएसडी वेगळी ठेवा. मोठी डिस्क कधी बिघडली तर निदान सारी मांडणी पुन्हा करावी लागणार नाही.

तारयंत्री (पुणे)

उंबरठा यांच्याशी एका मुद्द्यावर माझा किंचित मतभेद आहे. सेकंदाला एक एमबीच्या आसपास लिहिताना एसएमआर आणि सीएमआर यांत कसलाही फरक जाणवत नाही. कामाच्या मध्ये डिस्कला आवराआवर करायला भरपूर मोकळा वेळ मिळतो. चोवीस तास चालण्याची क्षमता हा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि सीसीटीव्हीची डिस्क घेण्याचे तेच कारण पुरेसे आहे. वापरलेल्या संगणकाबरोबर दुकानदार फुकट म्हणून जी जुनी हार्ड डिस्क देतो, ती मात्र नम्रपणे परत करून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.

कृष्णाकाठ (कराड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हिशेब वाचल्यावर ग्राफिक कार्ड आणि रायझन दोन्ही यादीतून काढले आहेत. आता तीन शंका उरल्या.

पहिली, छतावर एकच डिश आहे आणि तिच्यातून एकच वायर खाली येते. दोन ट्यूनरला ती पुरेल का? सध्याचा बॉक्सही वडिलांच्या खोलीत तसाच चालू ठेवायचा आहे. दुसरी, शेजाऱ्यांकडे केबल आहे; उद्या आम्ही केबल किंवा खासगी डीटीएच घेतले तर त्याच संगणकावर त्या वाहिन्या रेकॉर्ड होतील का? तिसरी, असे रेकॉर्डिंग करणे कायद्याने योग्य आहे ना? वडिलांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारला आणि त्याचे नेमके उत्तर त्यांना देणे मला आवश्यक वाटते.

नाखवा (मालवण)

डिश बसवणे हा माझा व्यवसायच असल्याने पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो.

एलएनबीला कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या हे ट्यूनर विजेच्या दाबाने सांगतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवणाच्या लहरी, १८ व्होल्ट दिले की आडव्या. आणि वरच्या पट्ट्यासाठी त्याच वायरीतून २२ किलोहर्ट्‌झचा सूर पाठवला जातो. दोन ट्यूनर एकाच वायरीवर असतील आणि एकाला उभे, दुसऱ्याला आडवे हवे असेल, तर दोघांचेही ऐकणे एलएनबीला शक्य नसते. म्हणून आपल्या बॉक्समधील ट्रान्सपाँडरची यादी उघडून पाहा. तुम्हाला हव्या असलेल्या सर्व वाहिन्यांसमोर ‘व्ही’ (उभे ध्रुवण) हेच अक्षर असेल आणि सर्वांची वारंवारता ११७०० मेगाहर्ट्‌झच्या खाली, म्हणजे खालच्या पट्ट्यात असेल, तर चांगल्या प्रतीचा, वीज पुढे जाऊ देणारा उपग्रह स्प्लिटर लावून एकाच वायरीवर काम भागते. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर चालत नाही, कारण तो या वारंवारतेसाठी बनवलेला नसतो. यादीत मिश्रण असेल तर चार तोंडांचा क्वाड एलएनबी बसवा आणि प्रत्येक ट्यूनरला स्वतंत्र वायर न्या. माझे स्वतःचे मत असे की बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर क्वाड एलएनबीच घ्यावा. तो फार महाग नसतो आणि पुढे कधी वाहिन्यांची मांडणी बदलली तरी छतावर पुन्हा चढावे लागत नाही.

मांडणी बदलतेच, हेही सांगून ठेवतो. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे काही वाहिन्या येतात, काही जातात आणि काही एका ट्रान्सपाँडरवरून दुसऱ्यावर जातात. बॉक्समध्ये आपण पुन्हा शोध देतो, तसाच टीव्हीहेडएंडमध्येही द्यावा लागतो. नाहीतर लावलेले रेकॉर्डिंग रिकामे निघते.

आता ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते त्या गोष्टी. बॉक्सवर चित्र थोडे अडखळले तर माणूस ते विसरून जातो, पण रेकॉर्डिंगमध्ये तोच खड्डा कायमचा राहतो. म्हणून डिशचे तोंड ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ वर अगदी काटेकोर बसवून घ्या आणि हे काम स्वच्छ आकाश असताना करा. फ्री डिश ज्या केयू पट्ट्यात येते त्याच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, हे टाळता येत नाही. परंतु ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावली तर लहरी गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि सुमारे साडेतीन डेसिबलची शिल्लक हाती राहते. आमच्या किनाऱ्यावरच्या पावसात ही शिल्लक फार उपयोगी पडते. मोठ्या डिशला वाराही अधिक लागतो, तेव्हा खांब भिंतीत पक्का रोवलेला असावा. वायर आरजी-६ तांब्याच्या गाभ्याची घ्या. एलएनबीपाशी पिन बसवताना वायरीच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. जोडावर पाणी न शिरणारी रबरी पट्टी गुंडाळा आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळापाशी गळून पडते आणि भिंतीतून आत येत नाही.

विजांच्या दिवसांत बॉक्स जळाला तर हजार रुपयांचे नुकसान होते, पण या संगणकातील कार्ड जळाले तर दहा हजारांचे. वायर घरात शिरते तिथे तिच्या जाळीला अर्थिंग देणारा जोड लावा आणि ते अर्थिंग घराच्या अर्थिंगशीच जोडलेले असू द्या. जवळ वीज कडाडू लागली की वायर काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे, त्या दिवशीचे रेकॉर्डिंग बुडाले तरी चालेल.

उंबरठा (नाशिक)

दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेविषयी.

केबल आणि खासगी डीटीएच यांच्या वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात. केबलसाठी तर हे कायद्यानेच झालेले आहे : २०११ च्या दुरुस्ती कायद्यानंतर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र सेट टॉप बॉक्स आले. त्या कुलपाची किल्ली केवळ त्या कंपनीच्या बॉक्समध्येच असते. आपल्या संगणकातील ट्यूनर प्रवाह पकडेल, पण तो उघडू शकणार नाही. त्या वाहिन्या रेकॉर्ड करायच्या असतील तर त्याच कंपनीचा रेकॉर्डिंग असलेला बॉक्स घ्यावा. त्यातील रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर दिसते. हा सगळा खटाटोप फ्री डिशवर शक्य होतो, कारण तिच्यावरील बहुतेक वाहिन्यांना कुलूप नाही.

कायद्याबाबत वडिलांना सांगा की प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ यातील कलम ३९ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेले ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण हा प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग मानला जात नाही. घरी पाहण्यासाठी मैफल रेकॉर्ड करणे यात बसते. तीच फाइल व्हॉट्सॲपच्या गटांत वाटणे किंवा यूट्यूबवर चढवणे यात बसत नाही. शिक्षक असलेल्या माणसाने हा प्रश्न आधी विचारावा, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तारयंत्री (पुणे)

विजेचा आणि घड्याळाचा प्रश्न मुळात तुम्हीच मांडला होता. त्यावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

लाइट गेल्यावर बॉक्स वेळ विसरतो; संगणकात मात्र मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी असते आणि तिच्यावर घड्याळ चालू राहते. कार्यालयातून निघालेल्या संगणकात हीच बॅटरी बहुधा संपत आलेली असते. मग लाइट गेली की तारीख भलत्याच वर्षाची होते, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) मांडणी पुसली जाते आणि ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. माणूस मग ट्यूनरला किंवा सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. संगणक आणल्या दिवशी ती बॅटरी बदलून टाका. खर्च चहाच्या दोन कपांएवढा आहे. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ हा पर्याय चालू करा. प्रत्येक कंपनीच्या बायोसमध्ये त्याचे नाव निराळे असते, पण कार्यालयीन संगणकांत तो असतोच. टीव्हीहेडएंडमधील लावलेली वेळापत्रके डिस्कवर साठवलेली असल्याने ती पुसली जात नाहीत.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागील किंवा पुढील बाजूस ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन स्थितींचे बटण असते. ते यूपीएसवर ठेवा. संगणकाच्या एसएमपीएसमधील कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो; आपल्या यंत्राचा भार फारच कमी असल्याने प्रत्यक्षात तो याहून अधिक काळ टिकतो. यूपीएस स्थितीत बदल तेवढ्या वेळात होतो, नॉर्मल स्थितीत होईलच असे नाही. डिशच्या बाजूने काहीही करावे लागत नाही, कारण एलएनबीची वीज ट्यूनर कार्डामधूनच जाते. हा पीसीआय कार्डाचा मोठा फायदा आहे.

वीजबिलाची चिंता नको. असा संगणक रिकामा असताना २० वॅटच्या आसपास वीज घेतो; चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला १४ ते १५ युनिट होतात. ५०० वॅटचा एसएमपीएस आणि ग्राफिक कार्ड घेतले असते तर हा आकडा नक्कीच वाढला असता.

कार्यक्रमपत्रिका उपग्रहावरून नेहमीच नीट मिळेल असे गृहीत धरू नका. वाहिनी, वार आणि वेळ देऊन रेकॉर्डिंग लावणे अधिक भरवशाचे असते. प्रत्येक कार्यक्रमाआधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटे जादा ठेवा. थेट प्रक्षेपण लांबले की पुढची मैफल उशिरा सुरू होते, आणि तिचा शेवट, म्हणजे भैरवीच, कापली जाते. वीस मिनिटांना ४०० एमबीही लागत नाहीत.

शेवटची गोष्ट चित्राविषयी. आपल्याकडील साध्या वाहिन्या सेकंदाला २५ चौकटींच्या असतात आणि प्रत्येक चौकट विषम व सम रेषांच्या दोन अर्धकांत विभागलेली असते. संगणकाची जोडणी बहुतेक वेळा ६० हर्ट्‌झवर लागते. तशीच ठेवली तर बातम्यांच्या तळाशी सरकणारी अक्षरांची पट्टी दचके देत चालते आणि गायकाच्या हाताच्या हालचालींना करवतीसारख्या कडा दिसतात. कोडीमध्ये पडद्याची गती चित्राप्रमाणे बदलण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे टीव्ही ५० हर्ट्‌झवर जाईल. आणि डीइंटरलेसिंगचे, म्हणजे ती दोन अर्धके नीट जुळवण्याचे काम इंटेलच्या अंगच्या यंत्रणेकडे सोपवा. एवढे केले की चित्र सेट टॉप बॉक्सपेक्षा कमी प्रतीचे दिसत नाही. नवे काहीही विकत न घेता हे साधते, म्हणून ग्राफिक कार्डाच्या मोहात पुन्हा पडू नये.

कृष्णाकाठ (कराड)

आता माझी यादी अशी झाली आहे : सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा एसएफएफ आकाराचा वापरलेला संगणक, ८ जीबी रॅम, त्यासोबत २५६ जीबीची साटा एसएसडी, सीसीटीव्हीसाठीची २ टीबी डिस्क, दुहेरी डीव्हीबी-एस२ कार्ड, क्वाड एलएनबी, आरजी-६ वायर आणि अर्थिंगचा जोड, नवी सीआर२०३२ बॅटरी. डिस्कच्या किमतीत सध्या चढउतार आहेत, त्यामुळे रक्कम पंचवीस हजारांच्या थोडी वर जाण्याची शक्यता दिसते. तसे झाले तर कशात काटकसर करावी?

उंबरठा (नाशिक)

संगणकात करा. सहाव्या पिढीचा आय३ आणि ४ जीबी रॅम असलेला त्याच आकाराचा संगणक दोन-अडीच हजारांनी स्वस्त मिळतो आणि रेकॉर्डिंगला तो तितकाच चांगला आहे. तेही पुरले नाही तर आता १ टीबीची डिस्क घ्या. नऊशे तासांच्या आसपास जागा मिळेल. ट्यूनर, वायर आणि अर्थिंग यांत एक रुपयाही वाचवू नका.

तारयंत्री (पुणे)

सहमत. कार्ड मागवण्याआधी दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या. एक, कार्डाबरोबर अर्ध्या उंचीची पट्टी येते का. ती नसेल तर कार्ड एसएफएफ पेटीत स्क्रूने आवळता येत नाही, आणि वायरीच्या ओढीने खाचेत तिरपे होते. दुसरी, कार्डाला वेगळा वीजजोड लागतो का. या लहान पेट्यांच्या एसएमपीएसमध्ये जुन्या पद्धतीचा चार तारांचा जोड बहुधा नसतो, तेव्हा साटाच्या जोडातून तो काढून देणारी पट्टी त्याच वेळी मागवावी लागेल. संगणक घ्यायला जाताना पेटी उघडून खाच रिकामी आहे ना, तेही डोळ्यांनी पाहून घ्या. काही संगणकांत आधीच्या कार्यालयाने बसवलेले एखादे कार्ड तसेच राहिलेले असते.